बंदुकीच्या दस्त्याला कुठलं तेल पाजावं?

वाचकाचं पत्र:

वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दोन नळ्यांची बंदूक माझ्याकडे आली. शेतीसंरक्षणाचा परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आहे. दस्ता अक्रोडाचा आहे असं बाबा सांगायचे. दर खंडेनवमीला ते बंदूक पुसून, दस्त्याला खोबरेल चोळून पूजेला ठेवत. यंदा श्रावणात कपाटातून काढली तर दस्ता हाताला चिकटतो. गाल टेकतो तिथे काळपट थर बसलाय, मागच्या टोकाला पांढरी बुरशी आली आहे आणि मुठीच्या पुढे, लोखंड लाकडाला भिडतं तिथे लाकूड काळं पडून मऊ लागतंय. काका म्हणतात, जवसाचं तेल लाव. आमचा सुतार म्हणतो, पॉलिश पेपर मारून पीयू करून देतो, आरशासारखा दिसेल. पुण्याचा भाचा ट्रू-ऑइल मागवायला सांगतो, आणि आणखी एका ओळखीच्यांचं म्हणणं की तुंग तेलाशिवाय दुसरं काही नको. दसऱ्याआधी काम व्हावं अशी आईची इच्छा आहे. नेमकं काय लावू?
– एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

नमस्कार,

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. रंगाच्या दुकानात बेलतेल किंवा डबल बॉईल्ड लिनसीड म्हणून जे उकळलेलं जवसाचं तेल मिळतं ते एक भाग, चांगलं ऑइल वार्निश एक भाग आणि टर्पेंटाईन एक भाग घ्या. हे मिश्रण पातळ हातांनी चोळायचं, वरचं सगळं पुसून काढायचं आणि दोन हातांच्या मध्ये पुरतं वाळू द्यायचं. तुमच्या हवेत, तुमच्या वापराच्या बंदुकीला मी हेच लावीन. पण बाबांनी वर्षानुवर्षं चोळलेलं खोबरेल आधी बाहेर काढावं लागेल, आणि ते दसऱ्याच्या आत होणार नाही. दसऱ्याला बंदूक नुसती कोरड्या फडक्याने पुसून पूजेला ठेवा. ओलं गंध लोखंडाला लागणार नाही एवढं आईंना सांगा. तेलाचं काम दिवाळीनंतर काढा.

आता खोबरेलाबद्दल, कारण मूळ दुखणं तिथे आहे. तेलं दोन जातींची असतात. काही तेलं हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो. पाणी उडून जातं तशी ती उडून जात नाहीत, उलट वाळताना त्यांचं वजन वाढतं. दुसऱ्या जातीची तेलं कितीही दिवस ठेवली तरी तेलच राहतात. तेल कुठल्या जातीचं हे ओळखायला रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य नावाचं एक माप आहे. ते साधारण १३०च्या वर असलं की तेल वाळतं असं धरतात. जवसाच्या तेलाचं मूल्य १७० ते २०० च्या दरम्यान येतं, शेंगदाण्याचं नव्वदीच्या आसपास आणि खोबरेलाचं जेमतेम १०. म्हणजे वाळण्याच्या बाबतीत खोबरेल अगदी तळाला. बाबांनी लावलेलं खोबरेल दस्त्यात मुरलं, पण वाळलं कधीच नाही. त्यावर धूळ बसली, हाताचा घाम बसला, गालाचा तेलकटपणा बसला आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळालं. बाबांची माया खरी होती आणि त्यांनी बंदूक जपली म्हणूनच आज ती तुमच्या हातात आहे. फक्त तेल चुकीच्या जातीचं होतं.

त्याच कारणाने मोहरीचं, तिळाचं, करंजाचं तेलही नको. कोकणात होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडतात आणि तिथे ते खरोखर उपयोगी पडतं. कोणी ते सुचवलं तर मात्र हात जोडा. त्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि दस्ता तर गालाला टेकवायचा असतो. करडईचं तेल या सगळ्यांत वेगळं. ते वाळणाऱ्या तेलांच्या पंगतीत बसतं आणि चित्रकार तैलरंगांत वापरतातही. पण ते जवसापेक्षा सावकाश वाळतं आणि पापुद्रा मऊ राहतो, म्हणून दस्त्यासाठी त्याच्या नादी लागू नका.

काकांचा सल्ला चांगल्या परंपरेतला आहे. ब्रिटिश काळातल्या ली-एनफील्ड रायफलींच्या दस्त्यांना कच्चं जवसाचं तेलच पाजत, आणि शिपायाने ते हाताने चोळत राहायचं ही रीत होती. जवस लाकडात खोल जातं, अक्रोडाच्या रेषा उजळून काढतं आणि वर्षं जातील तसा त्याचा रंग गडद, मधाळ होतो. भिंतीच्या पांढऱ्या रंगात हा पिवळेपणा दोष ठरतो, अक्रोडावर तोच शोभतो. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दोन थेंब चोळून भागतं. या एका गुणासाठी मी दस्त्याच्या बाबतीत तेलाच्या बाजूने उभा राहतो.

पण काकांना विचारा, कुठलं जवसाचं तेल? घाणीवरचं, चटणीवर घालायचं तेल कच्चं असतं. ते वाळतं, पण एकेका हाताला कित्येक दिवस, ओल्या हवेत कित्येक आठवडे घेतं. रंगाच्या दुकानातलं बेलतेल नावाला उकळलेलं असलं तरी त्याचा खरा गुण त्यात घातलेल्या, तेल लवकर वाळवणाऱ्या द्रव्यांचा. पूर्वी जवसाचं तेल मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड घालून तापवत. आता कोबाल्ट, मँगेनीज यांचे क्षार घालतात. त्यांच्यामुळे पातळ हात कोरड्या हवेत साधारण दिवसभरात वाळतो. हे तेल खायचं नाही, आणि घरातल्या खाद्यतेलांच्या शेजारी त्याची बाटली ठेवायची नाही.

विदर्भात किंवा सोलापूरकडे राहत असतात तर मी तुम्हाला नुसतं बेलतेल लावा म्हणालो असतो आणि पत्र इथे संपलं असतं. पण तुम्ही कुडाळात आहात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुमच्याकडच्या हवेत पाणीच असतं, आणि जवसाचा पापुद्रा मऊ आणि सच्छिद्र. पाण्याचा थेंब तो थोडा वेळ थोपवतो, हवेतली वाफ मात्र त्यातून आरपार जाते. शिवाय जवसाचं तेल बुरशीला आवडतं. म्हणून जोडीला वार्निश घ्यायचं. वार्निशमधल्या राळेमुळे पापुद्रा कडक होतो, लवकर वाळतो आणि ओलावा हळू आत जातो. लक्षात घ्या, मी ‘हळू’ म्हणतोय. लाकडाला ओलाव्यापासून पूर्ण तोडणारं कुठलंच तेल नाही. दस्ता पावसाळ्यात किंचित फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. आपल्याला हवंय ते इतकंच की हा फेरफार सावकाश आणि सगळीकडे सारखा व्हावा, म्हणजे लाकूड तडकत नाही आणि लोखंडाच्या खाचेत आवळून बसत नाही.

तुंग तेलाची बाजू सांगणाऱ्यांनाही मी चूक म्हणणार नाही. हे चीनमधल्या तुंग झाडाच्या बियांचं तेल. ते जवसापेक्षा कडक वाळतं, पाण्याला जास्त दाद देत नाही, कमी पिवळं पडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याच्या गॅरंड रायफलींच्या दस्त्यांना जवसाच्या जागी तुंग तेल वापरलं गेलं. शुद्ध तुंग तेल खात्रीच्या ठिकाणी मिळालं तर माझ्या मिश्रणातल्या बेलतेलाच्या जागी ते घाला, दस्ता आणखी चांगला होईल. अडचण दोन ठिकाणी येते. एक तर ते जाड लागलं की वर सुरकुत्या पडतात आणि पांढुरकं, दुधाळ दिसतं. दुसरं म्हणजे ‘तुंग ऑइल फिनिश’ असं लिहिलेल्या पुष्कळ बाटल्यांत तुंग नावापुरतं किंवा मुळीच नसतं, पातळ केलेलं वार्निश असतं. ‘टीक ऑइल’चंही तसंच, ते सागातून काढलेलं नसतं. डॅनिश ऑइल म्हणून जे विकतात ते तेल, वार्निश आणि पातळ करणारं द्रव्य यांचं मिश्रण, म्हणजे मी तुम्हाला घरी करायला सांगतोय तेच. तयार घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

भाच्याच्या ट्रू-ऑइलचा पायाही जवसाच्या तेलाचाच. अमेरिकेतल्या बर्चवूड केसी या कंपनीचं हे तेल दस्त्यांसाठीच करतात. त्यात जवसाचं तेल वार्निशसारखं वागेल असं बदलून घेतलेलं असतं, त्यामुळे ते दोनेक तासांत हाताला कोरडं लागतं. दस्ता त्याने सुरेख होतो, यात शंका नाही. माझी तक्रार इतकीच की ते फार सहज चढतं. माणूस हातावर हात देत जातो आणि शेवटी तेलाचा दस्ता न राहता चकचकीत वार्निशचा दस्ता होतो. उघडलेली बाटली आपल्या हवेत लवकर घट्ट होते, हेही आहे. मागवलंच तर बोटाच्या टोकावर दोन थेंब घेऊन तळहाताएवढ्या जागेत चोळून जिरवा आणि चार-पाच हातांवर थांबा. भाचा खूश होईल आणि बंदुकीचंही नुकसान होणार नाही.

सुताराचा सल्ला मात्र ऐकू नका, आणि याला तीन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात आणि शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. बंदूक किंवा तिचा काढलेला भाग परवाना नसलेल्या माणसाच्या दुकानात दोन दिवस ठेवणं म्हणजे तुम्ही आणि तो दोघेही अडचणीत. तो कितीही घरचा माणूस असला तरी. हे काम तुम्ही स्वतः घरी करा, नाहीतर परवानाधारक बंदूक-कारागिराकडे द्या.

दुसरं कारण पॉलिश पेपरचं, आणि मला ते सर्वांत जास्त टोचतं. बंदूक घडवणाऱ्याने दस्ता लोखंडाला जिथे भिडतो तिथे लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. सुतार टेबलाचा पृष्ठभाग घासावा तसा दस्ता घासतो, कडा गोल होतात, लाकूड लोखंडाच्या खाली जातं, आणि ते पुन्हा कधीही वर आणता येत नाही. मुठीवरची चौकड्यांची बारीक नक्षी पेपरखाली सपाट होते. बाबांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या जागा जातात. जुन्या दस्त्याला घासकागद लावायचाच असेल तर तो उभ्या राहिलेल्या रेषा बसवण्यापुरता, तेलात भिजवून. लाकूड कमी करायला नाही.

तिसरं कारण त्या पीयूचं. पॉलियुरेथेनचा थर लाकडावर बसतो, लाकडात मुरत नाही. दिसतो कडक, आणि टेबलावर तो योग्यही असेल. दस्ता मात्र कुंपणाला घासतो, जीपमध्ये आपटतो. थराला एकदा चीर गेली की ओलावा आत शिरतो, थराखाली अडकतो आणि कडेने पापुद्रे सुटतात. मग चीर पडलेली जागा तेवढीच दुरुस्त करता येत नाही, सगळा दस्ता सोलून काढावा लागतो. लाखेचं स्पिरिट पॉलिश दिसायला फार देखणं असतं, पण पावसाळी ओलाव्यात त्यावर पांढरे डाग उमटतात आणि उन्हात तापलेल्या हातांच्या घामाने ते मऊ पडतं. देवघराच्या चौकटीला ते लावा, बंदुकीला नको.

आता कामाला लागण्याआधीच्या तपासण्या. बंदूक रिकामी आहे हे दोन्ही नळ्यांत डोळ्याने बघून आणि बोट घालून खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. नळ्या आणि त्यांच्याखालचा पुढचा दस्ता नेहमीप्रमाणे सुटा करा. मागचा दस्ता मात्र यंत्रापासून वेगळा करू नका. त्याचे स्क्रू हलवताना डोकी चेंदली जातात आणि खाचेच्या कडा उडतात, ते कारागिराचं काम. लोखंडाच्या कडेने मास्किंग टेप लावून घेतलात की पुरे.

यानंतर दस्त्याच्या मागच्या टोकाला, खांद्याला टेकते त्या पट्टीचे दोन स्क्रू काढून आतलं लाकूड बघा. इथे पॉलिश, तेल काही पोचलेलं नसतं, म्हणून खरा रंग दिसतो. अक्रोड तपकिरी असतो, त्यात गडद धारा, आणि वजनाला मध्यम. लाकूड जांभळट-काळं आणि हाताला जड लागलं तर ती शिसवी असेल; आपल्याकडे पुष्कळ बंदुकांना तीही बसवलेली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. शिसवीत नैसर्गिक द्रव्यं अशी असतात की ती तेलाला वाळूच देत नाहीत, आणि लोक महिनोन्महिने तेलाला दोष देत बसतात. तसं निघालं तर अ‍ॅसिटोनच्या फडक्याने लाकूड पुसून लगेच लाखेचा एक अगदी पातळ हात द्या आणि त्यावर मिश्रण लावा. कुठलंही लाकूड असो, मिश्रणाची पहिली चाचणी या पट्टीखालच्या जागेवरच घ्या. तिथे चुकलं तर कोणाला दिसत नाही.

आज वर कुठला थर आहे तेही ओळखायचं. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब बोळ्याने लावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. एनसी थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीने काहीच झालं नाही तर जुनं वाळलेलं तेल किंवा पीयू. तुमच्या वर्णनावरून मला तो मूळचा तेलाचाच दस्ता वाटतो, वरून खोबरेलाची भर. मागच्या टोकाची पांढरी बुरशी टर्पेंटाईनच्या फडक्याने निघते का बघा. निघाली तर खरी बुरशी. पांढरेपणा पुसूनही तसाच राहिला तर तो लाखेच्या थरात शिरलेला ओलावा.

खोबरेल काढायला घाई करू नका. उघड्यावर, चुलीपासून आणि देवासमोरच्या समईपासून लांब बसा. स्वच्छ सुती फडक्यावर टर्पेंटाईन घेऊन पुसत जा, फडकं मळलं की बदला. नक्षीत जुना दातांचा ब्रश वापरा, जोर न देता. वरचा थर गेला की आत मुरलेलं बाहेर ओढायचं. त्यासाठी मुलतानी माती अ‍ॅसिटोनमध्ये कालवून दाट लेप करा, दस्त्याला लावा, वाळू द्या, ब्रशने झाडा. माती तेल पिऊन पिवळट होते. ती पिवळी होणं थांबेपर्यंत लेप देत राहायचं. यात आठवडा गेला तरी जाऊ द्या. दस्ता उन्हात तापवून तेल काढण्याचा मोह होईल, पण मधल्या कडक उन्हात लाकूड तडकतं. सकाळचं कोवळं ऊन चालेल.

ती काळी, मऊ झालेली जागा ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट आहे, तेलाच्या निवडीपेक्षाही. बंदूक कपाटात नळ्या वर करून उभी ठेवली की यंत्राला घातलेलं खनिज तेल वर्षानुवर्षं खाली झिरपत दस्त्याच्या तोंडाशी मुरतं. खनिज तेल वाळत नाही, लाकडाचे तंतू ते मऊ करत जातं. गोळी सुटताना मागे येणारा धक्का नेमका याच जागी लाकूड झेलतं. तिथे मातीचे लेप पुन्हा पुन्हा द्या. त्यानंतरही अंगठ्याच्या नखाने लाकूड दबत असेल किंवा बारीक चीर दिसत असेल तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय बार काढू नका.

लाकूड कोरडं, फिकट आणि तेलाचा वास नसलेलं झालं की पोचे बघा. तंतू नुसते दबलेले असतील तर ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा, वाफेने लाकूड वर येतं. तंतू तुटलेले असतील तर वर येणार नाही. ती खूण राहू द्या. वाफ दिल्यावर रेषा उभ्या राहतात, त्या वाळल्यावर ४०० नंबरच्या पेपरने रेषेच्या दिशेने हलक्या हाताने बसवा. स्टील वूल कोरडं किंवा ओलं मुळीच वापरू नका. त्याचे कण अक्रोडाच्या रेषांत अडकतात आणि ओलावा लागला की लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके देतात.

रंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगावंसं वाटतं. सोलून स्वच्छ केलेला जुना अक्रोड कधी कधी राखाडी, निस्तेज वाटतो. इंग्लंडमधले नामांकित बंदूक घडवणारे अल्कानेट नावाच्या मुळीचा लाल रंग जवसाच्या तेलात उतरवून दस्त्याला देतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रतनजोत म्हणून मिळणारी मुळी तेलात तसाच तांबडा रंग सोडते. बेलतेलात ती काही दिवस भिजत ठेवा, गाळून घ्या, आणि फक्त पहिल्या हाताला वापरा. अक्रोडातल्या काळ्या धारांमधून जी तांबूस ऊब वर येते ती बाजारातल्या कुठल्याच स्टेनला साधत नाही.

आता प्रत्यक्ष तेल पाजणं. पहिला हात टर्पेंटाईन दुप्पट घालून अगदी पातळ करा आणि लाकूड पिईल तितकं पिऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसा. सगळं म्हणजे सगळं. चिकट दस्त्यांपैकी बहुतेक केवळ या पुसण्यातल्या आळसाने चिकट झालेले असतात. मागच्या पट्टीखालच्या आडव्या छेदाला मात्र दोन-तीन हात जास्त द्या. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात आणि ओलावा बाजूपेक्षा त्या टोकातून कितीतरी वेगाने शिरतो. तुमची बुरशी नेमकी तिथेच का आली, त्याचं कारण हेच.

दुसरा हात वाळल्यावर तिसरा हात ४०० नंबरच्या पेपरने चोळत द्या. तेल आणि लाकडाची भुकटी मिळून जो राब तयार होतो तो अक्रोडाच्या उघड्या छिद्रांत बसतो. तो रेषेला आडवा पुसा, म्हणजे छिद्रांतून ओढला जाणार नाही. दस्त्यावर उजेड तिरपा पाडून बघितलं की छिद्रं कुठे भरली आणि कुठे राहिली ते कळतं. राहिली असतील तर पुढच्या हाताला हेच पुन्हा. नक्षीवर राब जाऊ देऊ नका. तिथे पातळ तेल ब्रशने लावा आणि लगेच कोरड्या ब्रशने टिपून घ्या. पुढचे हात तळहाताने द्या. एका हाताला चहाच्या चमच्याएवढं मिश्रण सगळ्या दस्त्याला पुरतं. चोळताना तळव्याखाली लाकूड कोमट लागायला हवं. एकंदर पाच-सहा हात झाले की थांबा.

दोन हातांमध्ये किती थांबायचं ते कॅलेंडर बघून ठरवू नका. बोटाची मागची बाजू टेकवून बघा. गार, कोरडं लागलं आणि तेलाचा उग्र वास गेला तर पुढचा हात द्या. नोव्हेंबर ते मार्च तुमच्याकडे हे बहुधा एक-दोन दिवसांत होतं. भर पावसात चार दिवसांतही होत नाही, आणि ओल्या थरावर दुसरा थर दिला की खालचा कायमचा मऊ राहतो. दिवाळीनंतर म्हणण्याचं कारण हे.

ज्या फडक्यांनी पुसाल त्यांच्याबद्दल कृपा करून नीट वाचा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. दस्त्यावर ती हवेत निघून जाते. चुरगाळून बादलीत किंवा कोपऱ्यात टाकलेल्या बोळ्यात ती साठत जाते आणि काडी न लावता फडकं पेटतं. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला फेब्रुवारी १९९१ मध्ये लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांतून सुरू झाली. तीन अग्निशामक जवान तिच्यात गेले. तुमच्या घरात गवत, नारळाची सोडणं, चुडतं आसपास असणार. प्रत्येक फडकं वापरून झालं की उलगडून अंगणात एकेरी दोरीवर वाळत घाला, कडक झालं की टाका. किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. हे काम मुलांवर सोपवू नका.

शेवटचा हात दिल्यावर दोन-तीन आठवडे दस्ता मोकळ्या हवेत, सावलीत राहू द्या, अर्थात कुलूपबंद खोलीत. मग हवं तर थोडं मेण चोळून चकाकी आणा. मेण आधी लावलंत तर खालचं तेल कोंडतं. पावसाळ्यात बंदूक कापडी किंवा चामडी गवसणीत ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. नळ्या खाली करून, तोंडाशी सुकं फडकं ठेवून उभी करा, म्हणजे यंत्राचं तेल लाकडात उतरणार नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पंधरवड्यातून एकदा दस्ता कोरड्या फडक्याने पुसा. खोबरेलाची बाटली तेवढी या कपाटाच्या आसपास नको.

वर्षातून एकदा, हवा कोरडी झाली की, तळहातावर याच मिश्रणाचे चार थेंब घेऊन सगळा दस्ता चोळा आणि पुसून टाका. लाकूड ते पीत नसेल, वर फिरत राहत असेल, तर त्या वर्षी गरज नाही असं समजा. कधी चिकटपणा जाणवला तर नवा हात देऊ नका, टर्पेंटाईनच्या फडक्याने जादा तेल काढा. आणि मागची पट्टी उघडल्यावर लाकूड अक्रोड निघालं की शिसवी ते मला कळवा. शिसवी असेल तर लाखेच्या त्या पहिल्या हाताबद्दल आणखी सविस्तर लिहीन.